असा पत्ता सापडत नाही

शुक्रवार, संध्याकाळ

इतक्या दिवसांनी लिहितोय, माफी असावी. पण मागतोय कोणाकडे?

दुपारी शेजारच्या पॉवरलूमवरचा सलीम आला होता. इंटरनेट रखडतं म्हणून त्याने वायफायच्या डब्ब्यातले डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारे, नंबर बदलून दिले. "चाचा, अब भागेगा!" तेव्हापासून काहीच उघडत नाही. डब्ब्यावरचा दिवा मात्र हिरवा. बँकेचं नाव टाकलं, देवळाचं टाकलं, आपल्या भिवंडीचं टाकलं. दर वेळी एकच उत्तर, असा पत्ता सापडत नाही. भिवंडीसुद्धा नाही?

शुक्रवारची सुट्टी, म्हणून लूम बंद, खडखडाट नाही. इतकी शांतता, की बाहेर गल्ली आहे ना, हे दोनदा खिडकीतून बघून आलो.

आज गणेशचं जहाज बंदराला लागलं की तो वायफायवर फोन करणार होता. ही म्हणाली, "कोणी सांगितली होती उठाठेव? नंबर बदलल्यावर पोराला घर कसं सापडायचं?" मी हसलो. मग हसू येईना. तिकडे त्याने आमचं नाव टाकलं असेल आणि त्यालाही तेच उत्तर आलं असेल तर?

उद्या सलीम पाळीवर आला की जुने नंबर घालून घेतो. दिवा अजून हिरवाच आहे.

गणेश, आम्ही इथेच आहोत रे. कसंही कर, पण लवकर कळव.