सासूबाईंची अट आणि माझे तीन प्रश्न

४ जून. सकाळ.
कन्येच्या शाळेने फी वाढवली. सासूबाई म्हणाल्या, वर्षाची फी मी भरते, पण नात रोज संध्याकाळी सातला माझ्यासोबत प्रार्थनेला बसेल. आमच्याकडे चार पिढ्या चालत आलंय. बायको माझ्याकडे न बघताच हो म्हणाली. मी नास्तिक आहे हे सगळ्यांना ठाऊक. तरी मला कोणी विचारलं नाही. सूड घेणार. शांतपणे. सुसंस्कृतपणे.

४ जून. दुकानात.
खरं तर फी मीच भरू शकतो. घड्याळदुरुस्तीत माझा हात धरणारा कोणी नाही. आज गिऱ्हाइकं दोन. त्यातल्या एकाला फक्त किती वाजले ते हवं होतं. तूर्त त्यांनाच भरू दे. शत्रूचा खजिना रिकामा करणं ही युद्धनीतीच.

९ जून.
सासूबाई मुक्कामाला आल्या. थेट माझ्या खुर्चीत बसल्या. हेही हिशेबात धरलंय.

१० जून. दुपार.
कन्येकडून (वय सात) तीन प्रश्न पाठ करून घेतले. देव दिसत का नाही? त्याला ऐकू येतं कशावरून? न मागता का देत नाही? एका चॉकलेटवर सौदा. आज सासूबाईंची बोलती बंद.

१० जून. साडेआठ.
सासूबाई म्हणाल्या, मलाही माहीत नाही गं, मीही लहानपणी हेच विचारायचे. मग दोघी तासभर खिदळत बसल्या. चॉकलेट द्यावंच लागलं.

१७ जून.
नवा डाव. हॉलमधलं घड्याळ रोज थोडं थोडं मागे. त्यांचे सात वाजेपर्यंत कन्या पेंगायला लागेल. बिनआवाजी काम. कुणाला पत्ता लागणार नाही.

२२ जून.
स्कूलबस दोनदा चुकली. बायको म्हणाली, घरात घड्याळजी असून ही तऱ्हा. मी दमट हवेवर ढकललं. प्रार्थना मात्र रोज ठोक्याला सातला. सासूबाई मनगटावरचं घड्याळ बघतात. म्हणाल्या, भिंतीवरच्यावर पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता.

२ जुलै.
शाळेतून फोन. कन्येने सकाळच्या प्रार्थनेत बाईंना तेच तीन प्रश्न विचारले. मग अख्ख्या वर्गाने विचारले. कोणी शिकवलं असं बाईंनी विचारलं, तर तिने अभिमानाने माझं नाव सांगितलं. शाबास. उद्या मुख्याध्यापिकांसमोर असा बोलणार की शाळा हादरली पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. या. समोरच काय तो निकाल लागू दे.

३ जुलै.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रवेशाचा फेरविचार करावा लागेल. मी आधी पाणी प्यायलो. सासूबाई म्हणाल्या, पोर विचार करते, तेच शिकवायला आम्ही इथे पैसे भरतो ना? मुख्याध्यापिका हसल्या. प्रकरण मिटलं. तोवर माझा ग्लासही रिकामा झाला होता.

परतताना सासूबाईंनी नातीला विचारलं, तू रोज डोळे मिटून मागतेस तरी काय? ती म्हणाली, बाबांचं दुकान चालू दे, म्हणजे आजीला फी भरावी लागणार नाही. तीन आठवडे मागतेय, अजून काही झालेलं नाही. म्हणजे बाबांचंच बरोबर असेल.

वाद मी जिंकलो. बसमध्ये तिघांची तिकिटं मीच काढली.

सातला त्या दोघींच्या मागे जाऊन बसलो. फक्त पाळत ठेवायला. डोळे मिटले होते, पण ते दिवसभराच्या बारीक कामामुळे.