आमच्या अंगणातलं शूटिंग आणि माझं एक वाक्य

मांडवगण फराटा,
गुरुवार

श्रीमंत भिमाजीराव व्याही, मुक्काम खुटबाव, तालुका दौंड, यांच्या चरणी मारुतरावांचा रामराम. (चरणी हा शब्द रिवाज म्हणून घातला आहे. तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहात, हे मी विसरलेलो नाही.) विहीणबाई पार्वतीबाईंचा गुडघा आता कसा आहे? तुमची नवी गाय लाथ मारते असं कानावर आलं. ऐकून वाईट वाटलं, फार नाही. इकडे तुमची लेक साधना खुशाल आहे. तुमचा जावई रविराज सणसवाडीच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेला वेळ झोपतो, म्हणजे तोही खुशाल. घरात चार मोबाईल असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर दिवाळीपासून आपण बोललेलो नाही. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मध्येच "व्हय व्हय" करता आणि माझा विचार मोडतो. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, ही पत्राची मोठी सोय आहे.

दिवाळीत तुमच्या अंगणात काय झालं ते मी उगाळत बसत नाही. फक्त आठवण करून देतो. तुम्ही दौंडहून आपल्या नातीसाठी, अपेक्षासाठी, फुटबॉल आणला. पोर तेरा वर्षांची, आधीच त्या खेळापायी येडी झालेली. परदेशातल्या कुठल्या खेळाडूचा कुठला पाय दुखतो हे तिला तोंडपाठ, आणि स्वतःच्या सोजराआजीचा कुठला दुखतो हे विचारलं तर "दोन्ही असतील" म्हणते. अशा आगीत तुम्ही तेल ओतलंत, म्हणून मी भावकीसमोर बोललो, "पोरीच्या जातीला बॉल कशाला लागतो गं? ठेव तो हितंच. कळलं का?" तुमचा चहा तसाच ठेवून मी निघालो. (चहा चांगला होता. वासावरून कळत होतं.) बॉल मात्र पोरीनं पिशवीत लपवून आणला, आणि त्या पिशवीवर सबंध रस्ताभर मीच पाय ठेवून बसलो होतो.

आता मुख्य हकीकत. फेब्रुवारीत पुण्याहून सिनेमावाले आले. त्यांना गोठा, अंगण आणि पुढं मोकळं रान असलेलं घर हवं होतं. गावात अशी घरं पुष्कळ आहेत, पण चहा विचारणारा मीच निघालो. सिनेमाच्या बाई प्रतिभाताई, वयानं आपल्या पोरींएवढ्या. मी त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला, मग त्यांच्या कॅमेऱ्याला हार घातला, त्यात कॅमेऱ्याचं काहीतरी झाकलं गेलं आणि अर्धा दिवस गेला. सिनेमा कौटुंबिक. एक लहान पोरगी फुटबॉलसाठी जीव टाकते आणि तिचा आजा आडवा येतो, अशी गोष्ट. आजा म्हणून शहरातला एक मोठा नट आणला होता. त्याला आमच्या म्हशीनं दुसऱ्याच दिवशी गव्हाणीवर ढकललं आणि तो कंबर धरून पुण्याला परत गेला. (म्हैस गरीब आहे. त्यानं अत्तर लावलं होतं.)

सगळे डोक्याला हात लावून बसलेले असताना अपेक्षाचा बॉल दुधाच्या बादलीत पडला. माझ्या तोंडातून तेच वाक्य निघालं, "पोरीच्या जातीला बॉल कशाला लागतो गं? गप आत जा. कळलं का?" प्रतिभाताई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आबा, आता आजा तुम्हीच. बस, एवढंच करायचं. मला हर्ष झाला. दाढी केली, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला. त्यांनी तो काढायला लावून बंडी घालायला सांगितली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या टेकला मी आधी कॅमेऱ्याला नमस्कार केला. दुसऱ्याला खिशात फोन वाजला. पंपावर लाईट आल्याचा मेसेज. तिसऱ्याला कोंबडा. असं करत सात झाले. समोर सिनेमातली पोरगी उभी असायची, करुणा नावाची, मोठी गुणी. मी वाक्य म्हटलं की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि कट म्हटलं की ती हसत चिक्की खायला बसायची. खोटंच होतं सगळं, मलाही कळत होतं. आठव्या की नवव्या टेकला माझी नजर कॅमेऱ्याच्या मागं गेली. तिथं आपली अपेक्षा बॉल पोटाशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. माझ्याबरोबर तिचे ओठ हलत होते. तिला माझं वाक्य पाठ होतं, शेवटच्या "कळलं का"सकट.

व्याही, मी सोसायटीच्या सभेत शंभर माणसांसमोर बोललो आहे, पण त्यानंतर माझी जीभ वळेना. बाराव्या टेकला तोंडातून निघालं, "खेळ बाई खेळ, पर आधी चार घास खाऊन घे." प्रतिभाताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आबा, तुम्ही असं म्हणालात तर आपला पिक्चर दहाव्या मिनिटालाच संपतो." तेराव्याला तर मी कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि बाजूला झालो. मला लाज वाटली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

शेवटी सोजराबाई भाकरीचं पीठ पुसत बाहेर आली. म्हणाली, "मी म्हनू का? चाळीस वर्सं ऐकतीया." तिनं माझ्यासारखा घसा खाकरला, कमरेवर हात ठेवला आणि एका टेकमध्ये वाक्य संपवलं. लाईटवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमात आता आज्याच्या जागी आजी आहे, आणि गावात लोक मला सोजराबाईंचे मालक म्हणून ओळखतात.

आता पोरीचं. सिनेमातल्या मुलींना खेळ शिकवायला एक सर आले होते. त्यांनी अपेक्षाला खेळताना पाहिलं आणि पुण्यातल्या एका क्रीडा वसतिगृहाचं सांगितलं. साधना तिला निवड चाचणीला घेऊन गेली, पोर निवडली गेली. फॉर्मवर सही सोमवारपर्यंत हवी. रविराज म्हणतो, आबा म्हणतील तसं. साधना भाकरी जरा जोरात थापते. घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी नाही याचा मला फार अभिमान होता. आता वाटतं, एखादा तरी असायला हवा होता. मी म्हणतो तिथलं जेवण कसं असेल, पाय मोडला तर कोण बघेल. पण खरं सांगू? पोर गेली तर घर खायला उठेल. गोठ्याच्या भिंतीवर दिवसभर तो बॉल आपटतो, त्या आवाजाची मला सवय झाली आहे.

असो. माझं अजून काही ठरलेलं नाही. विहीणबाईंना नमस्कार, गायीपासून लांब राहा.

आपला,
मारुतराव

ता. क. येत्या रविवारी जेवायला या, दोघंही या. कारण काही नाही.

ता. क. दुसरा. कारण आहे. ते वाक्य मी तुमच्या अंगणात चारचौघांत बोललो, तेव्हा ते मागंही चारचौघांतच घ्यायला हवं, आणि त्यात तुम्ही नसलात तर ते धरलं जाणार नाही. एकट्या पोरीसमोर "जा" म्हणायला तोंड उघडलं की मी म्हशीला वैरण टाकली का, असंच विचारतो. तुम्ही समोर असलात की मला चेव येतो. सही तुमच्यासमोर करीन. अपेक्षाला यातलं काही बोलू नका. मला ते स्वतः तिला सांगायचं आहे.

ता. क. तिसरा. नाना, मी अपेक्षा. आबांच्या डोळ्याचं मागच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना लिहायला मनाई आहे, म्हणून हे सगळं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांच्या बोलण्यातलं हाय-न्हाई मी शाळेच्या भाषेत नीट केलं आहे. "तिला माझं वाक्य पाठ होतं" इथं ते उठून गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळानं आले. तुम्ही रविवारी नक्की या. पत्र बंद करताना त्यांनी मला दोनदा बजावलं की यातलं अपेक्षाला काही कळता कामा नये. मी बरं म्हणाले.