कल्याणचा जंतू, माझा काढा

५ जानेवारी, भोकरदन
हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले, जखम वाहतेच आहे. आज जालन्याला दाखवून आलो. डॉक्टर कल्याण म्हणजे हसनाबादच्या शाळेतला माझाच विद्यार्थी. विज्ञानात कायम काठावर पास. म्हणाला, सर, हा दवाखान्यातच लागलेला जंतू आहे, साध्या गोळ्यांना दाद देत नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील. वा! दवाखाना त्याचा, जंतू त्याचा, पोट माझं. मी म्हटलं, कडुनिंबात, हळदीत जंतू मारणारी द्रव्यं असतात, संशोधन वाचलंय मी फोनवर. तर म्हणाला, "सर, ते जंतू प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मरतात. माणसावर अजून सिद्ध व्हायचंय. जखमेवर काही लावू नका." आणि हसला. नर्ससमोर!

६ जानेवारी
सूड ठरला. सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत कल्याण प्रमुख पाहुणा आहे. त्याचं भाषण संपलं की मी उठणार, शर्ट वर करणार, कोरडी जखम अख्ख्या गावाला दाखवणार. मग विचारणार, बोल कल्याण, आता काठावर कोण? (वाक्य पाठ करणे.)
कडुनिंब, हळद, निर्गुडी. कुकरला पाच शिट्ट्या. बायको दैवशाला म्हणाली, "अहो, वरणाचा कुकर हाये तो." शास्त्राला घरातून विरोध होतोच. दैवशालाला माफ केलं.

७ जानेवारी
काढा एकदाच करून बाटलीत भरला. रोज उकळत कोण बसणार? बोटं बुडवायची, जखमेला लावायचा.
इंजेक्शनं बंद. दोन्ही चालू ठेवलं तर श्रेय कल्याण लाटेल. इंजेक्शन द्यायला शेजारचा कंपाउंडर अतिक येतो, त्याला सांगितलं, डॉक्टरांनीच थांबवलंय. "बराबर इच्यारलं ना सर?" म्हणाला. म्हटलं, बिलकुल.

१२ जानेवारी
पट्टी हिरवी निघाली! कडुनिंब आतपर्यंत उतरलाय. दैवशाला नाकाला पदर लावून म्हणते, "वास येऊन राह्यला. कल्याणला फोन करा." शत्रूला फोन? भाषणात एक टोमणा वाढवला.

१७ जानेवारी
किंचित ताप. जंतू मरायला लागले की येणारच. पट्टी आणखी हिरवी. काढा दुप्पट.

२३ जानेवारी
भाषणाची तालीम. उभं राहताना दोनदा चक्कर आली, संतापाने असावी. जखम अजून ओली आहे. हरकत नाही, लांबून दाखवू.

२६ जानेवारी, जालना
कल्याणने भाषणात माझं नाव घेतलं. विज्ञानाची गोडी मला तातेराव सरांनी लावली, म्हणाला. माझा सूड हाणून पाडायचा डाव, दुसरं काय! मी उठलो. शर्टाला हात घातला. पुढचं आठवत नाही. सोबत आलेला शाळेचा शिपाई रखमाजी सांगतो, "सर, तुमी डायरेक पाव्हण्याच्याच अंगावर पडल्ते." इथे कल्याणच्याच गाडीतून आलो. त्याच्याच दवाखान्यात.

२९ जानेवारी
रिपोर्ट आले. हिरवा रंग कडुनिंबाचा नव्हता, पुवाचा होता. तो जंतूच तसला रंग सोडतो. दैवशालाने काढ्याची बाटलीही आणून दिली होती, कल्याणने तीही तपासायला धाडली. आत तोच जंतू मजेत वाढत होता. जखमेला लागलेली बोटं मी रोज बाटलीत बुडवत होतो आणि तोच काढा पुन्हा जखमेला लावत होतो. दैवशाला नुसती रडत बसली. बोलली असती तर परवडलं असतं.

३१ जानेवारी
मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. बाकीच्या पेशंटना माझ्यापासून धोका आहे म्हणे. माझ्यापासून! ड्रेसिंग कल्याण स्वतः करतो. आज त्याला तोंडावर सुनावायचंच, असं पक्कं ठरवलं होतं. पट्टी सुटायला लागली आणि जीव कासावीस झाला. तोंडातून निघालं, "हळू रे बाळा." "हो सर," म्हणाला आणि हात आणखी हळू केला. लाज वाटली. राग आहे अजून, पण तो धरून ठेवायला अंगात जोर नाही. उद्या बोलू. उद्या लवकर ये, एवढं मात्र त्याला सांगून ठेवलंय.