कोरडी पाकळी

आई, बाबांच्या ऑपरेशनसाठी तू घरच्या देवीला कौल लावलास, त्या सकाळी उजवी पाकळी मी ओढणीला पुसून कोरडी केली होती. दोन्ही सारख्याच भिजवायच्या, देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ते काम तू माझ्याकडे दिलंस. पालघरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं आणि तू कौलावर अडून बसलेली. मी बोईसरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करणारी, स्वतःला शहाणी समजणारी. म्हटलं, बाबांचा जीव चाफ्याच्या पाकळीवर कशाला टांगून ठेवायचा? तू डोळे मिटून बसली होतीस. उजवी टपकन पडली. "देवी हो बोलली गं," म्हणून तू रडलीस, आणि मला मनातल्या मनात हसू आलं. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

बाबा टेबलावरच गेले. शिरगावच्या आपल्या ओटीवर माणसं जमलेली, आत्या तर देवीवरच उखडली. "कसली ती तुझी देवी? नेऊन टाक दर्यात!" तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. "ती माझं मन बघते हाय. आता मी कुरकुरले, तर आजवरची भक्ती खोटीच नाय का?" मी दाराशी उभी होते. सांगायला तोंड उघडलंही, तेवढ्यात तू पाणी आणायला सांगितलंस आणि मी सुटल्यासारखी आत पळाले. त्यानंतर तू होतीस तोवर रोज दिवा लागला. दिव्यापुढे बसून तू हळूच विचारायचीस, "माझं काय चुकलं?" मी शेजारच्या खोलीत डबा भरत असायचे. तुझं काहीच चुकलं नव्हतं, आई. देवीने मन बघितलं ते माझं, आणि त्याची शिक्षा तू भोगलीस.

आता माझ्याच हृदयात दोष निघालाय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. वहिनी परवा म्हणाली, "ताई, एकदा कौल लावून बघा ना." मी तिच्यावर खेकसले, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणून. हे पत्र तुझ्या फोटोपुढे ठेवायचं ठरवलं होतं, पण तेही होणार नाही. कपाटात साड्यांखाली जाईल. वहिनीशी मी खोटं बोलले. विश्वास आहे, आई. म्हणूनच देवीला विचारायची हिंमत होत नाही.