काकूच्या कौलांवरची फांदी

आई, गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूच्या मुलाने आपल्या फणसाची फांदी तोडली. तीच, तिच्या कौलांवर झुकलेली. मला न विचारता. मी पालीच्या बाजारातून आले तर फांदी हद्दीच्या दगडी गडग्यावर आडवी पडलेली, बोटभर कोवळ्या फणसांसकट. डोकंच फिरलं. हातातली पिशवी खाली न ठेवताच वकिलांचा नंबर शोधायला लागले, आणि का कोण जाणे, तू आठवलीस.

मी शाळेत होते तेव्हा. काकूच्या मोरीचं पाणी आपल्या अळवात यायला लागलं होतं. बाबा म्हणाले, पंचायतीत अर्ज देऊ. तू चुलीपुढून उठलीस, ओले हात पदराला पुसलेस. "आधी मी बोलून येते." मी तुझ्या मागोमाग. काकू पडवीतूनच कडाडली, "मग पाणी काय डोक्यावर घेऊन फिरू?" मला वाटलं, आता तूही आवाज चढवणार. तू म्हणालीस, "वहिनी, मागची बाजू दाखवा बघू." मागे वीतभर मातीखाली सगळा कातळ. पाणी मुरवायला खड्डा खणणार कुठे? तिचे यजमान मुंबईला, घरात ती एकटी. मला पडवीत बसवून त्याच दुपारी तुम्ही दोघींनी गडग्याच्या कडेने चर ओढून पाणी तिच्या खालच्या माडांना नेलंत. परत येताना मी काकूबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलले, तर तू वाटेतच थांबलीस. "कातळ काय तिने आणून घातलेला नाही. तोंड सांभाळ."

ते आठवलं, मग मी फोन ठेवला आणि काकूकडे गेले. काकूचा मुलगा नोकरी संपवून मुंबईहून आलाय, तिचं सगळं तोच करतो. मला बघून पडवीत ताठ उभा राहिला. "भांडायला आलात, ताई?"

"फांदी का तोडलीत, ते विचारायला आले."

तो मला आत घेऊन गेला. काकू खाटेवर, अगदी मूठभर झालेली. वर कौल फुटलेलं, त्यातून ऊन थेट तिच्या उशाशी. "माकडं त्या फांदीवरून उड्या मारतात. मी कौलं बदलतो, ती फोडतात. पावसात हिला कुठे हलवू?"

"मला सांगितलं असतंत तर मीच तोडून दिली असती."

"चुकलंच. तुमच्या आई असत्या तर विचारलं असतं. तुमची भीती वाटते."

मला हसूच फुटलं, आई. तिकडे झुकणारी दुसरी फांदीही पावसाआधी मी उतरवून देणार, आणि गडग्याचे ढासळलेले चिरे तो लावणार, असं ठरलं. एवढ्यात काकूने माझं मनगट धरलं. "आवाज अगदी आवशीचा गो बाय तुझा. चर खणताना काय शिव्या घालत होती! मला नाय हां, कातळाला." तू शिव्या द्यायचीस, हे मला कधीच ठाऊक नव्हतं.

घरी सगळ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून गेले. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. तुला तरुणपणी पाहिलेलं आता काकूशिवाय कुणी उरलेलं नाही. तिच्याकडचं जाणंयेणं तुटेल, याचीच मला धास्ती वाटली होती.