आमच्या घरचा अल्सर

केज

मेव्हणे कल्याणराव यांना सिद्धारामचा शरणार्थ. तुमची साखर, वहिनींची कंबर आणि धर्मापुरीचं हवापाणी ठीक आहे असं धरून चालतो, कारण इकडं धरून चालण्यासारखं काही उरलं नाही. फोन सोडून पत्र कावून, म्हणाल. फोनवर कितीही हळू बोललो तरी उमा ऐकते. (माझे कान तिखट, असं सगळा बाजार म्हणतो. तिचे माझ्याहून.)

मोठ्या दवाखान्यानं तुमच्या बहिणीला घरी पाठवलं, तेव्हा आपणच ठरवलं, की तिच्यासमोर कॅन्सर म्हणायचं नाही, अल्सर म्हणायचं. गल्लीनं हा अल्सर फारच मनावर घेतला. येईल तो उमाला सांगतो, "आमच्या साडूला ह्योच होता, आता म्हशी धुतोय!" मग ओसरीवर येऊन ऋतुजा सिस्टरजवळ (घरी येऊन उमाचं दुखणंखुपणं बघते ती पोरगी) हुंदके देतो. शेजारची बायनाबाई तर रडून झालं की स्वतःचा गुडघाही दाखवते. परवा सिस्टरच्या संस्थेनं या पोरींच्या मनःस्वास्थ्यासाठी मोबाइलवर व्याख्यान ठेवलं. साहेब म्हणाले, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. सिस्टरच्या हातात त्या वेळी उमाचं संडासाचं भांडं होतं. श्वास काही तिनं घेतला नाही.

मीही उपाय केला. हातगाडीवर नळ विकून दुकान उभं केलेला माणूस मी, गिऱ्हाईक खुलवणं मला जमतं. सिस्टरला रोज एक विनोद सांगू लागलो. ती हसायची आणि मोरीत हात धुवायला जायची. गुरुवारी नळ लई वेळ चालू राहिला. पाण्याचा आवाज मला कळतो. ते हातावर पडत नव्हतं, नुसतं फरशीवर पडत होतं. आत पोरगी तोंडात ओढणी कोंबून रडत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, मला सोडा आता. मामींना समदं ठाऊक हाय. त्यांनी इचारलं, मी खोटं बोलले न्हाई. त्या म्हणतात, ह्यांना सांगू नको, खचतील. तुमी म्हणता, तिला सांगू नको. दोघांचं रडणं माझ्यापाशी. घरी गेल्यावर पोराशी बोलायला माझ्यात काय उरतच न्हाई." (मी विनोद सांगत होतो. तिला त्यातलं माझं रडणं ऐकू येत होतं.) सोमवारपासून दुसरी येईल म्हणाली. आणि उमाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, थांब, हे ओझं मी काढतो. तेव्हापासून उमाच्या खाटेपाशी जातो, अल्सरचं पथ्य सांगतो आणि उठतो. तीही मान डोलावते.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला
सिद्धाराम

ता. क. पत्र जीपवाल्या प्रवीणकडं देतोय. मिळताच निघा. तुम्ही थोरले भाऊ, उमाला तुम्हीच सांगा. मी शेजारी बसतो. मला जमत नाही.

ता. क. पुन्हा. सांगायला येऊ नका. आत्ताच तिनं आतून हाक मारली, "एवढं कुणाला लिव्हायलात?" म्हटलं, कल्याणरावांना, अल्सरचं. म्हणाली, "दादाला लिव्हा, अल्सर आता बरा व्हायचा न्हाई. अन् ते कागद ठिवा, हिकडं येऊन बसा." बसलो. कोण किती रडलं ते लिहीत नाही. सिस्टर आली, तिनं दारातूनच बघितलं आणि ओसरीवर जाऊन टेकली.

सोमवारचं मात्र तिनं बदललं नाही. म्हणाली, "मामा, आता दुसरीच्या हातानंबी मामींचं निभंल. मला माझ्या पोराकडं बघू द्या." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा याच. वहिनींना घेऊन, राहायच्या तयारीनं. उमा म्हणते, लवकर.