सुजूच्या पायाचं माप

मस्कत, १२ मार्च १९८९

प्रिय अंजना हिला सप्रेम जयभीम.

मी इथे बरा आहे. जेवणाचे हाल नाहीत, तू काळजी करू नकोस. आपल्या कॅम्प चारच्या वस्तीत नळाला पाणी वेळेवर येतं का? आईचा खोकला कसा आहे?

सुट्टीचं मात्र याही वर्षी जमत नाही. मालक पासपोर्टच देत नाही. किती हातापाया पडलो, ऐकतच नाही. आईला एवढ्यात सांगू नकोस.

आपण बारवी धरणावर गेलो होतो तेव्हा सुजूची एक चप्पल पाण्यात गेली आणि ती केवढी रडली, आठवतं? उरलेली चप्पल मी इकडे येताना बॅगेत टाकली होती. काल तीच दुकानात दाखवून तिच्यासाठी नवा जोड घेतला. खोलीवर आलो तर सोबतचा धोंडिबा म्हणाला, "अरे येड्या, दोन वर्षं झाली. पोरीचा पाय तेवढाच राहिला काय?"

मला खरंच सुचलं नाही गं. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून दीड वर्षाचीच आहे.

तिला कागदावर उभी कर, पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढ आणि तो कागद लगेच पाठव. दोन्ही पावलं काढ. चपलेचं नंतर बघू. मला आधी तिचा पाय बघायचाय.

तुझाच,
यशवंत